पावतीवरचे पहिले नाव

माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, कळमन्याच्या बाजारात धान्याचा अडत्या होता. वय झाल्यावर त्याने गाळा विकला आणि आलेले पंधरा लाख एका सहकारी बँकेत ठेवायचे ठरवले. व्याज इतरांपेक्षा थोडे जास्त होते. अर्जांवर सह्या करायला तो, बहीण आणि मी असे तिघे गेलो.

त्याने रक्कम तीन शाखांत वाटली होती: कळमना, कामठी, रामदासपेठ. कारण त्याने बाहेरच सांगितले.

"दादा, सारा माल एका गोदामात ठेवतो का कोणी? एकाले आग लागली तं दोन वाचते."

शाखा तीन असल्या तरी बँक एकच आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने हात झटकला.

खिडकीवरच्या मुलीने अर्ज वाचले. तिन्हींवर दोघांची नावे होती आणि तिन्हींवर त्याचे आधी. ती म्हणाली, "काका, एका पावतीवर काकूंचं नाव आधी घाला, आणि एक पावती त्यांच्या एकट्यांच्या नावे करा. बँक अडचणीत आली तर विमा पाच लाखांचाच मिळतो. शाखा कितीही असोत, त्याच क्रमाची नावं असली की सगळं एकत्र धरतात."

"काहून वं पोरी, मी मेलो का?" मेहुणा हसला. मागे रांगेतले दोघेतिघेही हसले.

बहिणीने पदर सावरला. "माहं नाव आधी नोको टाकू वं बाई. लोक म्हणतीन, बुढा जिता असतानीच हिनं गादी धरली."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ती सांगते ते ऐका." कोणी ऐकले नाही. संसार त्यांचा होता. अर्ज होते तसे गेले.

पुढे बहिणीला जिना चढताना दम लागू लागला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल असे सांगितले. उशीर करू नका, हेही सांगितले. मेहुण्याने एक पावती मोडण्याचे ठरवले. त्याच आठवड्यात बँकेवर निर्बंध आले. ठेवी मोडणे बंद झाले. घरखर्चापुरती रक्कम काढण्याची तेवढी मुभा राहिली.

आम्ही कळमन्याच्या शाखेत गेलो. शटर अर्धे खाली होते. पायरीवर गर्दी.

"साहेब आहे का गा आत?"

"आहे ना. पैसा सोडून सारं आहे आत."

"पासबुकाले आता हार घाला, अन् तेरवी करा," एक म्हातारी म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही.

मेहुण्याने तिन्ही पावत्या खिडकीत सरकवल्या. "कामठीची तरी मोडून द्या. आग इथं लागली, तिथं नाही."

आतल्या अधिकाऱ्याने नावे वाचली. "तिन्हीचे मिळून पाच लाख, विम्याचे. त्याला तीनेक महिने लागतील. बाकीचे अडकले. त्याचं आज कोणीच सांगू शकत नाही."

"अन् हिचं नाव आधी असतं तं?"

अधिकाऱ्याने पावत्या परत सरकवल्या. म्हणाला, "आता नावं बदलून उपयोग नाही, काका."

मी माझ्याकडचे होते ते पैसे दिले. शस्त्रक्रियेला ते पुरले नाहीत. मेहुणा ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे फिरला. त्यांतल्या अनेकांच्या ठेवीही त्याच बँकेत होत्या. आजारपणासाठी जास्त रक्कम काढू द्यावी, असा अर्ज बँकेत दिला. त्याचे उत्तर आले नाही.

विम्याचे पाच लाख आले. आम्ही तिला पुन्हा रामदासपेठेला नेले. डॉक्टरांनी नव्याने तपासले आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावले. हृदय आता शस्त्रक्रिया सोसणार नाही, औषधे चालू ठेवा, असे ते म्हणाले.

ठेव सुरक्षित असते का, असे ओळखीचे लोक मला अजून विचारतात. मी नियम सांगतो: एका बँकेत एका हक्काने, म्हणजे त्याच क्रमाच्या नावांना मिळून, पाच लाखांपर्यंत, आणि तेही वेळ घेऊन. वेळेचा विमा नसतो. एवढे ऐकून बहुतेक जण व्याजाचा दर विचारतात.

बहिणीला आता आडवे झोपता येत नाही, श्वास कोंडतो. ती भिंतीला टेकून बसते. परवा मी गेलो तेव्हा मेहुणा तिच्या पाठीमागे उशी सरकवत होता.

"पैसे आले ना दादा सारे?" तिने विचारले.

मेहुण्याने मान वर केली नाही. मी "आले" म्हणालो.

"मंग ऑपरेशन कधी?"



उशी नीट बसत नव्हती. तो ती पुन्हा पुन्हा सरकवत राहिला.