दादाचा नंबर आणि संत्र्याचा ग्रुप

लोकांना झाडांचे इलाज फुकट सांगून दादाला भेटत काय होतं? हे मी दादाला विचारलं, वहिनीला विचारलं, ग्रुपवाल्यांनाही विचारलं. उत्तर कोणी दिलं नाही. किस्से मात्र सगळ्यांनी दिले! तो गेल्यापासून पांढुर्ण्याच्या बाजारात पाऊल टाकलं की कोणीतरी हात धरतो अन् एक किस्सा गळ्यात घालतो. काही माझेही आहेत. एकट्याला सांभाळवत नाहीत आता.

*

दादानं मोबाईलवर संत्रेवाल्यांचा ग्रुप काढला होता. कोणी पिवळ्या पानाचा फोटो टाकायचा, दादा जेवता जेवता इलाज सांगायचा.

रामाकोन्याचे एक काका पहिल्यापासून म्हणायचे, "हा औषधाच्या दुकानाचा एजंट आहे. नाई तर काहून सांगून राहिला?"

दादा म्हणाला, "चला काका, जामसांवलीले. मारुतीसमोर शपथ घेतो."

शनिवारी आम्ही तिघं गेलो. दादानं शपथ घेतली. परत येताना काका माझ्या कानाशी लागले, "शपथ घ्याले इतक्या लवकर तयार झाला म्हणजे नक्कीच काहीतरी आहे!"

*

मग काकांनी दादाची परीक्षा घेतली. घरच्या परसातल्या लिंबाच्या पानाचा फोटो टाकला अन् विचारलं, "आमच्या संत्र्याले काय झालं?"

दादानं लिहिलं, "संत्र्याले काही नाई झालं काका. लिंबाले खत द्या."

काका सगळ्यांना सांगत फिरले, "पाहा! आमच्या घरातली माहिती याले कोण देते?"

*

बोरगावचा एक जण प्रश्न विचारायचा, उत्तर भेटलं की प्रश्न पुसून टाकायचा. ग्रुपवर नुसतं दादाचं उत्तर लटकत राहायचं. "खोडाजवळ पाणी साचू देऊ नका!" कोणाला सांगितलं, काहून सांगितलं, काही पत्ता नाही. वाचणाऱ्याला वाटे, दादाचं डोकं फिरलं.

मी त्याला बाजारात गाठलं. "प्रश्न काहून पुसतो बे?"

"शेजारीही ग्रुपमध्ये आहे ना गा!"

*

वहिनीचा संशय वेगळाच. एकदा दादा आंघोळीला गेला तर तिनं फोन माझ्या हातात कोंबला. "पाह्य बरं, कोण आहे ते."

कोण्या ताईचा मेसेज होता. "तुम्ही होते म्हणून वाचलो भाऊ."

वहिनीचं तोंड उतरलं. मी वरती सरकवलं. तिथं डिंक गळणाऱ्या खोडाचे फोटो होते. "वहिनी, झाड आहे हे!"

वहिनी म्हणाली, "झाडाचे फोटो तर कोणीही लावते."

*

विहिरीवर मोटर लावायला गेला अन् दादाला करंट लागला.

ग्रुपवर दिवसभर जोडलेले हात येत होते. त्यातच एकानं लिहिलं, "ओम शांती. डिंकासाठी काय मारावं?"

माझं डोकं सणकलं. दादाच्याच फोनवरून त्याला फोन लावून आईमाईवरून शिव्या घातल्या. सगळे मतलबी! ठरवलं, तेरवी झाली की हा ग्रुप बंद करायचा. एकेकाला हाकलायचं.

*

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तेच करायला बसलो, तर फोन वाजला. सौंसरकडचा कोणी म्हातारा. "भाऊ, खोडाले लावाची पेस्ट कालवून राहिलो. बादलीच खाऊन टाकली ना तिनं!"

लोखंडी बादली! पेस्टमधला निळा मोरचूद लोखंडात कालवला यानं!

"दादा मेला, आजोबा!" म्हणून मी फोन कापला.

मग परत लावला अन् पत्ता विचारला.

प्लास्टिकच्या तीन बादल्या गाडीला बांधल्या. वहिनीनं विचारलं, "कुठं निघाले?"

"ग्रुपवाल्यांशी भांडाले."

संध्याकाळपर्यंत आजोबांच्या झाडांना पेस्ट लावली. हात निळे झाले. मला लिहिता धड येत नाही, शाळा पाचवीतच सुटली. म्हणून बांधावर बसून दादाच्या फोनवर बोललो अन् ते ग्रुपवर टाकलं. "डिंकासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगळे भिजवा, मग तिसऱ्या बादलीत सोबत ओता. बादल्या प्लास्टिकच्या घ्या रे, नालायकहो! विळा बुडवून पाहा. तांब्यासारखा लाल झाला तर चुना वाढवा. अन् जेवायच्या आधी हात साबणानं धुवा. विष आहे ते."