एकोणसत्तरचा चौकोन

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, याबद्दल मी साशंक आहे. घरातला पहिला पदवीधर एवढीच माझी पात्रता, आणि ज्या युद्धाबद्दल सांगतो आहे ते खरं युद्धही नव्हतं. जाणकारांनी माफ करावं.

लोणावळ्यात, कुरवंड्याच्या वाटेवर, हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यासवर्ग भरे. निळा आणि तांबडा असे दोन पक्ष. नकाशाच्या कोणत्या चौकोनावर किती विमानं पाठवायची ते त्यांनी ठरवायचं, आम्ही ते आकड्यांत लिहायचं. मग त्याची भोकं पाडलेली कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे जायची आणि दुसऱ्या दिवशी निकाल छापून यायचा. मी गणितातला बी.एस्सी., सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला कारकून.

आकडे वाचून दाखवायला उत्तरेकडचा एक सार्जंट होता. कायम होण्याआधी मला चूक परवडणार नव्हती आणि इंग्रजी आकडे मला ऐकून पटकन कळत नसत, म्हणून हिंदीत वाचा, अशी विनंती मीच केली होती.

"बी.एस्सी. साहब, कॉलेज में गिनती नहीं सिखाई?" तो रोज सगळ्यांदेखत विचारी. लोक हसत. खोटं कशाला सांगू, मी त्याचा द्वेष करत होतो.

त्या दिवशी निळ्या पक्षाचा हुकूम वाचताना तो म्हणाला, "उनहत्तर." आपल्याकडे हत्तर म्हटलं की आकडा सत्तरच्या पुढचा. एकाहत्तर, बहात्तर. उन म्हणजे एकोण, म्हणून मी एकोणऐंशी लिहिलं. माझा कागद तपासून सही करणं त्याचं काम होतं. त्यानं न बघताच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशीच्या निकालात निळ्या पक्षाच्या विमानांनी एकोणऐंशीच्या चौकोनातला स्वतःचाच पेट्रोलसाठा जाळला. पाहायला दिल्लीहून वरिष्ठ आले होते. वर्ग चालवणाऱ्या विंग कमांडरनी छापील कागद सार्जंटच्या अंगावर फेकला.

"सर, मैंने उनहत्तर ही बोला था."

"मग सही कुणाची आहे? तुझ्या बढतीची शिफारस मी केली होती, लाज वाटते मला."

तो माझ्याकडे वळला. तोवर मी मनात सत्तरातून एक वजा केला होता. एकोणसत्तर. चूक माझी होती. मी टेबलावरच्या टाचण्या गोळा करत राहिलो. कर आता चेष्टा, असंही मनात आलं.

रविवारी घरी भाऊंना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. ते गोठ्यात शेण भरत होते.

"तुला इचारलं कुनी?"

"न्हाई."

"मंग गप ऱ्हा. लय मोटा आलाय तो सार्जंट. तुजी नोकरी गेली तर तो देनारे व्हय?"

मला हेच ऐकायचं होतं. चौकशी झाली तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिलो. विचारलं तर सांगीन, असं ठरवून. कारकुनाला कुणी आत बोलावलं नाही. सार्जंटची बदली झाली. जाताना माझ्या टेबलाजवळ थांबून म्हणाला, "पढ़ा-लिखा गूँगा." पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

दोन वर्षं त्याच्याबद्दल काही कळलं नाही. मग त्याच्याच तुकडीतला एक जवान प्रशिक्षणासाठी इकडे आला, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, बढती तेव्हाच रोखली गेली. त्याच हुद्द्यावर नोकरीची मुदत संपली, आणि गेल्या उन्हाळ्यात तो सार्जंट म्हणूनच घरी गेला.