दोन-दोन चिंध्या

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीच्या नळ्यांना चिंध्या बांधणं.

पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. सौंसरला अंगणातच माझं गॅरेज होतं. ट्रॅक्टर अन् जीपा खोलण्यात उमर गेली. पांढुर्ण्याच्या एका संत्राव्यापाऱ्यानं जुनी विलायती टर्बो गाडी घेतली, ती ओढत नव्हती म्हणून माझ्याकडे सोडली. बॉनेट उघडलं तर काळ्या रबरी नळ्यांचं जाळं. काहींतून इंजिन हवा ओढतं, काहींतून टर्बो हवा दाबून ढकलतं. सगळ्या वाळून तडकलेल्या. नव्या कापून घालायच्या होत्या, अन् एक जरी चुकीच्या तोंडाला बसली तर गाडी चालत नाही.

मला नळ्यांचा नकाशा वाचता येत नव्हता. म्हणून सकाळी बायको शिवणाच्या चिंध्या घेऊन बसली. एकेका रंगाच्या दोन-दोन फाडल्या.

"एक नळीले बांधा, एक इंजिनच्या तोंडाले."

"तोंडाले काऊन वं? मले ध्यानात राहते."

"माझ्या माहेरचा फाटा चुकवून मले रामाकोन्याले नेलं होतं, तवा कुठं गेलं होतं ध्यान?"

"तू शिवणकाम पाय. गाडी मी पायतो."

ती हसली. आम्ही नुसत्या नळ्यांना बांधल्या, उरलेल्या चिंध्या तिनं डब्यात टाकून ठेवल्या अन् मी एकेक नळी काढून घेतली.

दहाच्या सुमारास ती पाणी आणायला उठली आणि छाती धरून खाली बसली. डॉक्टर आला, म्हणाला, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या. बस नुकतीच गेलेली. शनिवार होता, गावातल्या जीपा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची माणसं घेऊन गेलेल्या. दारात एकच गाडी, तीही नळ्या काढलेली.

मी त्याच जुन्या नळ्या परत बसवायला लागलो. लाल कुठली? पिवळी कुठली? घंट्याभराआधी माझ्याच हातानं काढलेल्या, पण डोक्यात काहीच नाही. इंजिन लागायचं, थरथरायचं, अ‍ॅक्सिलेटर दाबला की बंद. पुन्हा काढा, पुन्हा लावा. तोंडानं ओढून पाहिलं, फुंकून पाहिलं. हात घामानं निसटत होते. ती अंगणात खाटेवरून पाहत होती.

"निळी... खाली," ती म्हणाली.

"खाली म्हंजे कुठं? नीट सांग ना!"

मी ओरडलो. मरत्या माणसावर ओरडलो.

"ओरडू नका जी. हळू करा."

जामसांवलीहून पहिली जीप परतली तेव्हा बारा वाजून गेले होते. सावनेरच्या अलीकडे माझ्या हातातला तिचा हात गार पडला. तिथूनच जीप वळवली. दिवस बुडायच्या आत जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं बसली होती. मी उठून बॉनेट उघडलं.

"कालच बायको गेली, अन् हा गाडी दुरुस्त करून राहिला," कोणीतरी म्हणालं. बरोबरच होतं त्याचं.

मी डबा आणला. उरलेली एकेक चिंधी एकेका तोंडाला बांधली, ती म्हणाली होती तशी. आता घाई नव्हती, हात आपोआप जात होते. लाल ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला. पिवळी वरच्या तोंडाला. निळी खाली, टर्बोपाशी. सगळ्या जोडल्या आणि चावी फिरवली.

पहिल्याच झटक्यात लागली. अ‍ॅक्सिलेटर दाबला, बंद पडली नाही. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत मी ती बंद केली नाही.