डायलवरचा हात

दुर्गजवळच्या हथखोजच्या एका लहानशा कारखान्यात देवानंद लेथ यंत्रावर पोलादी पिना घडवायचा. लेथ सुरू झाली की त्याचं मन तिथून उठून कुठंतरी निघून जाई. धातू गार ठेवणारं दुधासारखं पाणी पोलादावरून ओघळत राही, निळसर किस वळत वळत खाली पडे, आणि आपण गावाकडं वैनगंगेच्या काठी बसलोय असं त्याला वाटे. हात मात्र पातं किती आत जायचं ते ठरवणाऱ्या डायलवर असे. पिन जाड निघाली की डायल तेवढंच आत फिरवायचं, बारीक निघाली की तेवढंच बाहेर. ही त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाची शिकवण.

हल्ली गिऱ्हाइकांकडून पिना परत येत होत्या. काही सैल, काही घट्ट. मालक सुमंतभाऊंनी नरमाईनं सांगितलं, हात थरथरतो तुमचा, सोमवारपासून पॅकिंगला बसा.  त्या दिवशी देवानंदला जेवण गेलं नाही.

त्याची मुलगी सुजाता दुर्गला सांख्यिकी शिकत होती. शनिवारी मालकांना विचारून ती कारखान्यात आली आणि बापानं तिच्यासमोर काढलेल्या पाच पिना तिनं मोजल्या. हव्या त्या मापापासूनचा फरक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, असा निघाला : तीन जास्त, तीन कमी, तीन जास्त, दोन कमी, एक कमी. बेरीज शून्य.

"सरासरी तं बराबर हाये," देवानंद म्हणाला.

जास्त आणि कमी एकमेकांना खाऊन टाकतात, तिनं समजावलं. म्हणून प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा. मग वजाचं चिन्ह उरत नाही. नऊ, नऊ, नऊ, चार, एक, म्हणजे बत्तीस. पाचानं भागलं तर सहा पूर्णांक चार. हा व्हेरियन्स, सरासरीभोवती पिना किती विखुरल्या त्याचं माप. सांगता सांगता ती बापाच्या डायलवरच्या हाताकडे पाहत राहिली.

"बाबा, दर पिनेनंतर डायल कावून फिरवता?"

"मागची चूक पुढं जाऊ नये म्हणून."

"थोडं इकडंतिकडं मशीनचं असतेच. तुमी त्याच्या मागं धावून राहिले, अन् डायल फिरवून आपला फरक त्यात आणखी टाकून राहिले. डायल एकाच खुणेवर राहू द्या."

देवानंदनं लेथवर नवा रॉड चढवला आणि तो स्टुलावर बसला. पहिलीच पिन दोननं जाड निघाली. बोटं आपोआप उठली.

"बाबा," सुजाता हळूच म्हणाली. त्यानं हात मांडीखाली दाबला.

डायलला हात न लावता पाच पिना निघाल्या : दोन जास्त, दोन कमी, एक जास्त, दोन कमी, एक जास्त. वर्गांची बेरीज चौदा. भागिले पाच, दोन पूर्णांक आठ, आधीच्या निम्म्याहून कमी. सुमंतभाऊंनी स्वतः मायक्रोमीटर लावून पुन्हा मोजलं.

"सोमवारी लेथवरच या, देवानंदभाऊ," ते म्हणाले. "हात तेवढा घरी ठेवून या."

पाचच पिनांवर भरवसा नको, रोज मोजू, असं सुजाता सांगत होती. देवानंदचं तिकडे ध्यान नव्हतं. त्यानं पुढचा रॉड चढवला आणि हात मांडीवर घेऊन बसला. पातं सावकाश सरकत होतं. इतक्या वर्षांत लेथ आपली आपण कशी चालते, हे त्यानं कधी नुसतं बसून पाहिलंच नव्हतं.