नंबर थ्री कोणीकडे वळला

पासष्टच्या लढाईत मी पंजाबातल्या एका विमानतळावर रेडिओवर होतो. सार्जंट. कानाला हेडफोन लावून वर गेलेल्या पोरांचं बोलणं ऐकायचं, हे माझं काम. त्या दुपारी आपली चार फायटर वर होती. समोरून दहा आली. नंबर थ्री म्हणजे बार्शीटाकळीच्या वानखडे गुरुजींचा मिलिंद.

"लीडर, थ्री. गन जाम."

"थ्री, गो होम."

"निगेटिव्ह. फोरच्या मागं दोन लागलीत. मी मध्ये घुसतो."

त्यानंतर थ्री बोलला नाही. फोर जिवंत उतरला.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर गावाकडे आलो. अकोल्यात सिनेमाचे बोर्ड रंगवणारा गजानन विमानांचा भारी वेडा. माझ्याकडून सगळी लढाई ऐकून त्यानं अन् त्याच्या फोटोवाल्या दोस्तानं तिची चित्रांची फिल्म केली. पातळ कागदांवर चित्रं काढायची, एकेका कागदाचा फोटो घ्यायचा. पैसा कोण देतो? नुसती हौस! पहिला खेळ बार्शीटाकळीच्या शाळेत लावला. गुरुजी पुढच्या बाकावर होते. मी जयभीम केला, त्यांनी नुसती मान हलवली.

आपली विमानं पडद्यावर डावीकडून निघाली. उजवीकडून दहा आली. पोरं ओरडत होती. मग पडद्यावर एकटा थ्री आला अन् त्याचं नाक डावीकडे. घराकडे! लगेच स्फोट.

मागून कोणीतरी म्हणालं, "पळून राहिला होता ना बे हा!"

गुरुजी उठले. "सार्जंट, खरं सांगा. माहा पोरगा पाठ दाखवून मेला काय?"

माझं डोकं सणकलं. "गजानन, मशीन बंद कर! मागं घे. तेवढंच पुन्हा दाखव."

त्यानं दाखवलं. मी पडद्यापाशी जाऊन विमानाच्या शेपटीवर बोट ठेवलं. तिथला तीनचा आकडा उलटा होता, आरशात दिसतो तसा.

"अरे देवा," गजानन म्हणाला. "फोटो काढताना कागद पालथे पडले. माहीच चूक, गुरुजी."

"त्याले घरी जायचा हुकूम होता," मी मोठ्यानं सांगितलं. "म्या माह्या कानानं ऐकला. तो नाई आला. गन बंद असताना दोघांच्या अंगावर गेला."

गजाननानं फिल्मचा तेवढा तुकडा कापला, पलटला, चिकटवला. पुन्हा चालवल्यावर, फिल्म पालथी असल्यानं, चित्र थोडं धूसर दिसत होतं, पण थ्रीचं नाक आता उजवीकडे होतं, शत्रूकडे. मागचा बोलणारा मान खाली घालून बसला.

फिल्म संपली. गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "थांबा, गुंडाळू नका. पाहवणार नाई म्हणून मिलिंदची माय घरीच राह्यली. तिले घेऊन येतो."

कोणी जागचं हललं नाही. माय आली, माझ्याजवळ बसली. थ्री पडद्यावर आल्यावर तिनं माझा हात धरला.

"हाच काय माहा?"

"हाच, माय. फ्लाइंग ऑफिसर मिलिंद वानखडे."