तपासणीचा दांडा

कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद पडल्यापासून सुसैनाथन घरीच होता. खाणीच्या जुन्या क्लबात प्रदर्शन मांडायचं ठरलं, तेव्हा वस्तू ओळखणारं कुणी हवं म्हणून त्याला बोलावलं. दिवे, पितळी बिल्ले, छिन्न्या. कुठली वस्तू कुठल्या खाणीतली, हे तो हातात घेताच सांगायचा. मांडणी भक्तवत्सल सरांकडे होती. हे सर एके काळी खाणीवर सुरक्षा अधिकारी होते, त्यामुळे दोघांचं पहिल्या दिवसापासून वाकडंच.

भांडण पेटलं एका लाकडी दांड्यावरून. गुडघ्याइतका उंच, मधोमध झिजलेला. पाळी सुटली की कामगारांना कपडे काढून, पाय फाकवून तो ओलांडायला लागायचा. कुणी अंगात सोनं लपवलंय का ते बघायला. सरांनी पाटी लावली, 'सुरक्षा साधन'.

"कुणाची सुरक्षा, सर?"

"सुसै, तू पुसायचं बघ. पाट्या मी बघतो."

"हा मी नाही पुसणार. माझ्या बापानं पुसलाय तो, मांड्यांनी."

"बाप चोर नव्हता ना? मग झोंबतंय कशाला?"

सुसैनाथननं फडकं दांड्याशेजारी टाकलं आणि तो दिव्यांकडे वळला.

उद्घाटनाला बंगळूरहून पाहुणे आले. त्यातल्या एका बाईंनी दांड्याकडे बोट दाखवलं. "खाणीत याचं काय करायचे?"

सर तोंड उघडणार, तोच सुसैनाथननं शर्ट काढला, बनियन काढला आणि कमरेला गुंडाळलेल्या वेष्टीच्या गाठीला हात घातला.

"सुसै! डोकं फिरलंय का? शर्ट घाल!"

"तुम्हीच काढायला लावायचात, सर. बॅटरी घेऊन या दांड्याशीच उभे असायचात. 'खोक, जोरात खोक' म्हणायचात. आज म्हणा की!"

बाईंनी सरांकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"तसा नियम होता," सर पुटपुटले, आणि रखवालदाराला म्हणाले, "याला बाहेर काढ."

घरी बायको, ज्ञानम्, कपाळावर हात मारून म्हणाली, "वेष्टी तरी अंगावर ठेवलीस, मातेची कृपा!" त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दांडा गायब. त्या जागी टेनिसचा चांदीचा चषक. सुसैनाथन चार म्हाताऱ्या सोबत्यांना घेऊन दांडा मागायला गेला.

"मालकीचा कागद आणा," सर म्हणाले.

"अंगावर कापड ठेवू दिलं नाहीत, कागद कुठला आणू?"

फाटक बंद झालं. सोबती घरी गेले. सुसैनाथन फाटकाबाहेरच बसला, आणि प्रदर्शन उठेपर्यंत रोज बसत राहिला. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायचा, "थांबा. आत काय ठेवलेलं नाही, ते आधी ऐकून जा."