आक्काची पिवळी रेघ

चाक बसवून झालं, की आक्का बारीक ब्रशानं पिवळी रेघ ओढायची. नटाच्या कडेपासून थेट रिमवर. एकेका नटाला एकेक रेघ. वडिलांनी घालून दिलेली पद्धत. नट जरासा जरी फिरला तरी रेघ मोडते आणि गाडीवाल्याला उभ्या उभ्या कळतं. पण गल्लीत त्या रेघेला याहून मोठा अर्थ होता. पिवळी रेघ दिसली म्हणजे आक्काचा हात लागलाय, निवांत जा.

आक्का साठीला टेकलेली. अंगानं काटकुळी, आवाजानं दांडगी. वर्कशॉप दोघा भावंडांचं. पाटी मात्र धाकट्या भावाच्या नावाची, कारण पाटी रंगवली त्या दिवशी आक्का एका गाडीखाली होती. तिनं बाहेर येऊन वाचलं, "अक्षर बरं आलंय," म्हणाली आणि पुन्हा खाली गेली. पाटीचं तिला कधी काही वाटलं नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे ती महिनाभर घरी होती. काळा चष्मा लावून परतली त्याच सकाळी नर्सबाई आपली छोटी लाल गाडी घेऊन दारात.

"आक्का, बरं झालं भेटलात. वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं हो. तुम्ही ते स्पेसर बसवलेत ना, तेव्हापासून."

"मी बसवले?"

"मग? रेघ आहे की!"

आक्कानं चष्मा कपाळावर सरकवला आणि चाकाजवळ गुडघे टेकले. रेघ पिवळीच होती, पण भिंतीला चुना फासावा तशी जाडजूड. दोन नटांवर तर मोडलेली.

भाऊ काउंटरमागून लगबगीनं आला. "तू बस गं आक्का, डोळ्यांना ताण नको. नट आवळायच्या हवेच्या गननं एकदा टर्रर्र केलं की झालं."

"जॅक लाव."

"अगं, गिऱ्हाइकासमोर कशाला..."

"गिऱ्हाइकासमोरच. चाक त्यांचं आहे."

पहिला नट चार फेऱ्यांतच तिच्या हातात आला. तिनं तो तळहातावर धरून नर्सबाईंना दाखवला. "स्पेसर म्हणजे ही चकती. चाक ज्यावर बसतं तो हब. त्याच्या आणि चाकाच्या मध्ये ही घालतात, चाक बाहेर सरकतं. चकती घातली जाड आणि बोल्ट ठेवले जुनेच. मग नटाला धरायला आटे उरणार कुठून?" चकती निघाली तेव्हा खाली हबवर गंज तसाच होता, आणि मधलं भोक एवढं सैल, की कडेनं बोट जाईल. "बघा, चकती हबवर बसलीच नव्हती. सगळा भार या बोल्टांवर लोंबकळत होता."

नर्सबाईंनी गाडीच्या टपावर हात टेकला. काल याच चाकांवर त्या लेकीला घेऊन घाट उतरल्या होत्या.

आक्का भावाकडे वळली. "रेघ कुणी ओढली?"

भावानं उगाच कॉम्प्रेसरकडे बघितलं. "लोक विचारतात गं. रेघ नाही म्हणून एक जण गाडी न्यायलाच तयार नव्हता. मग ओढली. रंगच तर आहे."

आक्कानं ते चाक घरंगळवत वर्कशॉपच्या दारात नेलं, आडवं पाडलं आणि त्यावर मांडी घालून बसली. आत यायची आणि बाहेर जायची वाट तीच.

"ऊठ."

"नाही."

"लोक बघतायत, आक्का."

"बघू देत. ऑपरेशन झाल्यापासून मलाही सगळे स्पष्ट दिसतायत. अशा किती गाड्या गेल्या माझ्या रेघेवर?"

"असतील सात-आठ."

"सगळ्या परत बोलाव."

"वेड लागलंय तुला? नाक कापलं जाईल आपलं!"

"जाऊ दे. चष्मा दोरीनं बांधीन."

समोरचा शिंपी मशीन थांबवून खो खो हसला. भाऊ चिडला. "पाटी माझ्या नावाची आहे, लक्षात ठेव!"

"पाटी तुझीच. उशाशी घेऊन झोप. रेघ माझी आहे."

"मग उद्यापासून घरीच बस."

"बसून बघितलं महिनाभर. तेवढ्यात तू काय दिवे लावलेस ते समोर आहे. उद्या येणार, परवाही येणार. कुलूप बदललंस तर शटरला टेकून बसेन."

नर्सबाई चाचरत म्हणाल्या, "मग ते स्पेसर काढूनच टाकायचे का?"

"तुम्हाला हवेत की नकोत?"

"हवेत हो. घरात सगळे म्हणतात, बाईमाणसाला कशाला असली गाडी. मला आवडते. छाती काढून उभी राहिली पाहिजे."

आक्का पहिल्यांदा हसली आणि उठली. "मग राहील. पण आधी ऐका. वळणावर गाडी जरा कमी कलेल, हे खरं. स्टिअरिंग मात्र जड लागेल, खराब रस्त्यावर हाताला ओढ देईल. बेअरिंगवर भार वाढतो, ते लवकर कुरकुरायला लागेल. आणि पळणार तेवढीच, हं. रुबाबावर गाडी पळत नाही."

तिनं कपाटातून हबवर चपखल बसणाऱ्या, स्वतःचे बोल्ट असलेल्या चकत्या काढल्या. तारेच्या ब्रशानं हब चकचकीत होईपर्यंत घासला. चकती आधी हबला आवळली, मग चकतीच्या बोल्टांवर चाक. नट आधी बोटांनी, मग समोरासमोरचे, एकाआड एक. शेवटी टॉर्क पाना. ठरल्या ताकदीला तो 'कट्' वाजायचा आणि आक्का मान हलवायची. चारी चाकं अशीच. मग गाडीवर भार यावा म्हणून नर्सबाईंना आणि शिंप्याला मागच्या सीटवर बसवून तिनं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टायर कुठे घासला नाही.

"थोडी चालवा आणि आठवड्याभरात आणा. नट पुन्हा आवळायचे असतात. ते केल्याशिवाय काम पुरं होत नाही."

"आणि रेघ?"

"ती खोटी झालीय. बाकीच्या गाड्या येईपर्यंत कुणालाच नाही."

गाडी गेल्यावर आक्कानं पिवळ्या रंगाचा डबा उचलला, बारीक ब्रश बाजूला ठेवून भिंत रंगवायचा घेतला आणि स्टुलावर चढली. भावाच्या पाटीच्या बरोबर खाली हातभर अक्षरांत लिहायला लागली: "पिवळ्या रेघेवर विसंबू नका. गेल्या महिनाभरात इथे चाकं बसवली असतील तर गाडी परत आणा. आम्ही चुकलो. पुन्हा बसवून देऊ."

भाऊ खाली उभा राहून वाचत होता. "आम्ही चुकलो" आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "मी चुकलो असं लिही ना मग. 'आम्ही' कशाला?"

"वर्कशॉप दोघांचं आहे," आक्का वळून न बघता म्हणाली. "स्टूल हलतंय. धर."

त्यानं धरलं नाही. तो पाय आपटत आत गेला. आक्कानं एका हातानं भिंत धरली आणि पुढचं अक्षर काढलं. मग आतून त्याचा आवाज आला, वैतागलेला, फोनवरचा.

"हो, मीच बोलतोय. गाडी घेऊन या. आज. कशाला म्हणजे? रेघ मी ओढली होती म्हणून. आणि नाही आलात तर आक्का स्वतः तुमच्या दारात येऊन बसेल. बघा बुवा."